हीटरची गार हवा

मुलांनो, मागच्या आठवड्यात धाकटीने मला व्हिडिओ कॉलवर एक पिवळा दिवा दाखवला. तुमच्या नव्या घेतलेल्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचं चित्र पेटलं होतं, गाडी ओढत नव्हती आणि बाबा ऑफिसला गेले होते. मी विचारलं, दिवा स्थिर आहे की लुकलुकतो? धूर काळा आहे की पांढरा? आणि हीटर लावून बघ, हवा गरम येते का? मग मागून मोठा म्हणाला, "आजी, तुला हे कोणी शिकवलं?"

मी तेव्हा हसून विषय बदलला, कारण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ते आता लिहिते. आता लिहिण्याचं आणखी एक कारण असं, की तुमच्या डोक्यात आजोबा म्हणजे ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचणारे गृहस्थ. त्यांच्या आजारपणातला पहिला हिवाळा तुम्हाला कुणी नीट सांगितलेला नाही. तुमचे बाबा फोन करायचे, आम्ही "सगळं ठीक" म्हणायचो. सगळं ठीक नव्हतं.

आजोबांच्या किडन्या त्या वर्षी पावसाळ्यात थकल्या. आठवड्यातून तीन वेळा वाशिमला जाऊन डायलिसिस करावं लागेल असं ठरलं. शेलूबाजारपासून वाशिम फार लांब नाही, पण सकाळची शिफ्ट मिळाली होती आणि ती उजाडता उजाडता सुरू व्हायची. एवढ्या सकाळी एसटीने जाणं त्यांना शक्य नव्हतं. भाड्याची गाडी सांगून पाहिली. ती पहिल्या दिवशी आली, दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी वऱ्हाडाला गेली. तुमचा काका, म्हणजे आजोबांचा पुतण्या, मंगरूळच्या रस्त्यावर जीप चालवतो. तो कधीही ये म्हटलं असतं तर आला असता, पण त्याच्या रोजीवर आठवड्यातून तीनदा हात टाकणं आम्हा दोघांनाही पटत नव्हतं. उरली आपली पांढरी छोटी गाडी आणि मी. शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी गाडी शिकले तेव्हा गावात बरीच चर्चा झाली होती. डायलिसिस सुरू झाल्यावर ती चर्चा थांबली.

पावसाळाभर गाडीने साथ दिली. दिवाळी झाली, थंडी पडायला लागली आणि गाडी बिघडली.

बिघडली म्हणजे बंद पडली नाही. बंद पडली असती तर सोपं झालं असतं. ती जड झाली. वाशिमच्या वाटेवर एक लांबट चढ आहे, एरवी लक्षातही येत नाही असा. त्या चढावर पाय दाबला की गाडी आधी गुरगुरायची, मग दमल्यासारखी हळू व्हायची, आणि आरशात मागे काळा धूर दिसायचा. आत पेट्रोलचा वास यायचा. टाकी लवकर रिकामी व्हायची. सिग्नलला उभी केली तर थरथरून बंद व्हायची आणि पुन्हा चालू करायला तीन-चारदा चावी फिरवावी लागायची. मग एके दिवशी तो पिवळा दिवा लागला.

त्या दिवशी आम्ही उशिरा पोचलो. आमचा बेड तयार होता, मशीन धुऊन ठेवलेलं होतं, आणि बाहेर बाकावर एक तरुण मुलगी तिच्या आईला शालीत गुंडाळून बसली होती. त्या दोघी रोजच तिथे असायच्या. कुणाची वेळ मोकळी झाली तर मिळावी म्हणून. त्या दिवशी सिस्टरने आम्हाला आत घेतलं, पण नंतर मला बाजूला बोलावून हळू आवाजात सांगितलं, "आजी, मला मशीन रिकामं ठेवता येत नाही. आणखी एकदा असं झालं तर ही वेळ त्यांना द्यावी लागेल. तुमचं नाव मग मी अकोल्याच्या हॉस्पिटलला कळवीन."

तिचं काही चुकलं नव्हतं. बाकावरच्या बाईच्या पायावरची सूज मलाही दिसत होती.

घरी येताना मी आजोबांना हे सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं. तूर काढायला आलेली होती, त्यांची नजर दोन्ही बाजूंच्या शेतांवर होती. थोड्या वेळाने ते म्हणाले, "अकोल्याले मी जात नाही. इथलं गेलं तं संपलं समज."

मी म्हटलं, असं बोलू नका. ते म्हणाले, "बोलून नाही राह्यलो. सांगून राह्यलो."

आजोबा मोघम बोलणारे नव्हते हे तुम्हाला माहीत आहे. बैल विकला तो दिवस असो की तंबाखू सोडली तो, त्यांनी असंच एका वाक्यात सांगितलं होतं, आणि मग पुन्हा तो विषय कधी निघाला नाही. त्यामुळे त्या दिवसापासून माझ्यापुरता हिशोब सरळ झाला. गाडी चढली तर आजोबा आहेत.

शेलूबाजारच्या मिस्त्रीकडे मी त्याच दुपारी गाडी नेली. मोठा बोलका माणूस. हायवेवरच्या जीपा, टेम्पो, छोट्या गाड्या सगळ्या त्याच्याकडे येतात आणि तो प्रत्येक गाडीशी नातेवाइकासारखा भांडतो. त्याने प्लग काढून दाखवले. काजळी धरलेले, चुलीतल्या विझलेल्या कोळशासारखे काळे. "मॅडम, पेट्रोल लय जास्त जाऊन राह्यलं. जळत नाही पुरतं, म्हणून धूर," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, मधल्या काळात गाडीचं कुठं काही काम केलं का? आजोबा बाजूच्या लाकडी बाकावर बसले होते. ते म्हणाले, उन्हाळ्यात आसेगावला लग्नाला जाताना पाण्याचा पाइप फुटला होता, तो तिथेच बदलला. बाकी काही नाही.

मिस्त्रीने मान डोलावली. हे उत्तर लक्षात ठेवा.

तुमच्या बाबांनी तिकडून एक वस्तू पाठवली होती. काडीपेटीएवढी, स्टिअरिंगखालच्या खाचेत खुपसायची. ती गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलते आणि काय दुखतं ते मोबाइलवर सांगते. मिस्त्रीकडे तसलंच मोठं यंत्र होतं, पण त्याची वायर तुटलेली होती, त्यामुळे माझ्या मोबाइलला मान मिळाला. त्यावर आलं पी-०१७२. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की मिश्रणात इंधन प्रमाणाबाहेर आहे. म्हणजे मिस्त्रीने प्लग बघून जे सांगितलं तेच. सायलेन्सरच्या नळीत एक ऑक्सिजन सेन्सर असतो, तो धुराची चव घेऊन ही तक्रार करतो. मिस्त्री म्हणाला, हा सेन्सरच वेडा झाला असंन, बदलू. मला ते पटलं. ज्याने तक्रार केली त्यालाच आपण आधी तपासतो. शाळेतही आम्ही तेच करायचो.

सेन्सर बदलला. प्लग साफ केले, हवेची जाळी नवीन टाकली. मिस्त्रीने कोड पुसून टाकला आणि दिवा विझला. मी गाडी गावातून एक चक्कर मारून आणली, छान चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. चढ यायच्या आधीच दिवा पुन्हा लागला. आम्ही कसेबसे वेळेत पोचलो, कारण मी नेहमीपेक्षा बरंच लवकर निघाले होते. बाकावरच्या मुलीने आमच्याकडे पाहून हात जोडले. तिच्या मनात काय होतं मला कळलं आणि मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

इथे मला दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती शेजारीच चालली होती.

डायलिसिस झाल्यावर आजोबांना फार थंडी वाजायची. हे बहुतेकांना होतं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. येताना मी त्यांना स्वेटर, कानटोपी, वर ब्लँकेट असं गुंडाळायची आणि हीटर पूर्ण लावायची. डॅशबोर्डवरची चारही तोंडं त्यांच्या बाजूला वळवून ठेवायची. तरी ते कुडकुडायचे. पहिल्यांदा म्हणाले, "अवं, हवा गारच लागते." मी हीटरचं बटण बघितलं, पूर्ण फिरवलेलं होतं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, शरीराला ऊब जाणवणं कमी होतं कधीकधी, वय आहे, रक्त कमी आहे. त्यानंतर आजोबा ते बोलेनासे झाले. एकदा घरी शेकोटीजवळ बसले असताना त्यांनी तळहात जाळावर धरले आणि मग ते उलटेपालटे करून बघत राहिले. मी विचारलं काय बघता? म्हणाले, "इथं लागते गरम. गाडीत काहून नाही लागत?" आणि मग स्वतःच उत्तर दिलं, की मशीनवरून उठल्यावर अंगातलं सगळंच निघून जात असंन.

मला त्या रात्री झोप लागली नाही. माणूस ऊब लागत नाही म्हणायला लागला की मन भलतीकडे जातं.

सेन्सर बदलूनही दिवा लागला तेव्हा मी त्या मोबाइलमधली बाकीची पानं उघडून बघितली. तिथे कोडशिवाय पुष्कळ आकडे असतात, गाडी चालू असताना हलणारे. इंजिनाचा वेग, हवा, आणि इंजिनाच्या पाण्याचं तापमान. आपल्या गाडीत तापमानाचा काटा नाही, फक्त गाडी उकळायला लागली तर लाल दिवा लागतो. त्यामुळे हा आकडा मी पहिल्यांदाच पाहत होते. तो पन्नासच्या आसपास रेंगाळत होता. वाशिमहून घरापर्यंत आले तरी तिथेच. मी मिस्त्रीला फोन करून सांगितलं. तो एकदम खूश झाला. "सापडलं मॅडम. इंजिन तापल्यावर ऐंशीच्या वर पाह्यजे. तुमचा पाण्याचा सेन्सर खोटं बोलून राह्यला. तो सांगते का इंजिन थंडं हाय, मंग कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल ओतते. थंड्या इंजिनाले जास्त लागते ना." सेन्सर अकोल्याहून मागवावा लागणार होता. तो आला की लगेच बसवू म्हणाला.

हे बोलणं मला अगदी बिनचूक वाटलं. जुन्या गाड्यांना सकाळी चोक ओढावा लागायचा, तेच हे. गाडी दिवसभर चोक ओढून धावत होती, कारण एक सेन्सर तिला थंडी वाजते म्हणून सांगत होता. खोटं सांगत होता, असं आम्ही धरून चाललो.

पुढची फेरी सेन्सर यायच्या आधीच आली. जाताना चढावर गाडी इतकी हळू झाली की मागून आलेला कापसाचा ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला, आणि ट्रॅक्टरवाल्याने वळून पाहिलं. आजोबा म्हणाले, "त्याच्या ट्रॉलीतच बसलो असतो तं बरं झालं असतं." मी हसले नाही. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. आम्ही दारातून आत गेलो तेव्हा सिस्टर त्या मुलीच्या आईचा कागद हातात घेऊन उभी होती. तिने आमच्याकडे बघितलं, कागद खाली ठेवला आणि आजोबांचा हात धरून त्यांना बेडकडे नेलं. जाताना मला एवढंच म्हणाली, "आजी, आज शेवटचं."

आजोबा मशीनवर होते तेवढा वेळ मी बाहेर त्या मुलीशेजारीच बसून काढला. दुसरी जागाच नव्हती. तिने मला डब्यातली तिळाची चटणी आणि भाकरी दिली. मी खाल्ली.

येताना चढ उलट्या बाजूने लागतो, उतार म्हणून. तो उतरल्यावर आजोबांना मळमळायला लागलं, म्हणून मी गाडी एका कडुलिंबाखाली थांबवली. इंजिन चालू ठेवलं, बंद केलं तर पुन्हा चालू होईल याची खात्री नव्हती. ते ब्लँकेटात थरथरत होते. हवा सरळ छातीवर यावी म्हणून मी हीटरचं तोंड जरा खाली केलं, आणि ते करताना माझा हात त्याच्यासमोर गेला.

हवा गार होती.

इतक्या दिवसांत माझा हात तिथे कधी गेलाच नव्हता. सगळी तोंडं मी त्यांच्याकडे वळवलेली होती, आणि गाडी चालवताना मला हवा सहन होत नाही. मी हात काढला, स्वतःच्या गालाला लावून बघितला, पुन्हा धरला. अजिबात शंका नव्हती. नळाच्या पाण्याहून थोडी बरी, एवढीच. आजोबा माझ्याकडे बघत होते. मी विचारलं, "रोज अशीच येते?"

"मी कोणत्या भाषेत सांगतलं होतं?" ते म्हणाले.

हीटरला वेगळी शेगडी नसते. इंजिनातलं तापलेलं पाणीच एका लहान जाळीतून फिरतं आणि त्यावरून येणारी हवा गरम होते. म्हणजे हीटर गार असेल तर पाणीच गार असलं पाहिजे. सेन्सर पन्नास म्हणत होता आणि आजोबा गार म्हणत होते. दोघंही एकच गोष्ट सांगत होते, आणि आम्ही एकाला खोटा ठरवला होता, दुसऱ्याला आजारी.

मी उतरून बोनेट उघडलं. इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा जाड रबरी पाइप असतो, वाशिमहून एवढं चालवत आणल्यावर त्याला हात लावता यायला नको. लहान मुलाच्या कपाळाला लावतात तसा मी हात उलटा करून आधी नुसता टेकवला, मग मुठीत धरला. कोमट होता. सेन्सर बदलून काहीही होणार नव्हतं. इंजिन खरोखरच तापत नव्हतं.

मी तिथूनच मिस्त्रीला फोन लावला आणि सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मंग त्यात वॉल्व नसंन."

हा वॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर बसवलेलं पितळेचं एक छोटं झाकण. पाणी गार असताना ते बंद राहतं, म्हणून पाणी इंजिनातच फिरून लवकर तापतं. तापलं की ते आपोआप उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे गार व्हायला जातं. ते नसलं तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जात राहतं, आणि डिसेंबरच्या वाऱ्यात ते कधी तापतच नाही.

मी काचेतून आजोबांना विचारलं, "उन्हाळ्यात आसेगावला लग्नाला गेला होतात तेव्हा गाडीचं काय काय केलं?" त्या लग्नाला मी नव्हते. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि गाडी तुमच्या काकाने चालवली होती.

"पाइप बदलला."

"आणि?"

"आणि काही नाही."

"वॉल्व?"

"तो तं काढलाच," ते म्हणाले. "वॉल्व तं सगळेच काढतात."

मला वाटलं मी ओरडेन. पण त्यांच्या चेहऱ्यावर लपवल्याचा काही भाव नव्हता, कारण त्यांनी काही लपवलंच नव्हतं. आपल्याकडे उन्हाळ्यात लोखंडाला हात लावता येत नाही. गाडी एकदा जरी गरम झाली तरी मिस्त्री पहिल्यांदा वॉल्व काढून फेकतो. ट्रॅक्टरचा, जीपचा, टेम्पोचा. हे काम आहे असं कुणी समजतच नाही. मिस्त्रीने काम केलं का विचारलं, आजोबांनी खरं उत्तर दिलं, आणि मिस्त्रीलाही ते खटकलं नाही. तोही तेच करतो. जुन्या डिझेल जीपला त्याने फारसं बिघडत नाही. आपल्या गाडीच्या कॉम्प्युटरला मात्र इंजिन थंड दिसलं की पेट्रोल ओतत राहण्यापलीकडे काही सुचत नाही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हवाच गरम, म्हणून भागून गेलं. थंडी पडली आणि उघडं पडलं.

आता प्रश्न वॉल्व मिळण्याचा होता. शेलूबाजारात मिळेना. जी वस्तू सगळे काढून फेकतात ती दुकानदार कशाला ठेवेल? अकोल्याहून यायला वेळ लागणार होता आणि आमची पुढची फेरी एका दिवसावर होती. मिस्त्रीने त्याच्याकडचा काढलेल्या वॉल्वचा डबा पालथा केला, सगळे मोठ्या गाड्यांचे निघाले. तो म्हणाला, "आसेगाववाल्यानं फेकला नसंन तं त्याच्याकडं असंन. पितळ कोणी फेकत नाही."

तुमच्या काकाने जीपची दुपारची फेरी सोडली आणि आसेगावला गेला. जाताना मला म्हणाला, "काकू, मले काय मालूम वॉल्व तुमच्या कॉम्प्युटरले लागते. माह्या जीपनं तं कधी मांगतला नाही." दिवस मावळायला आला तरी तो आला नाही आणि फोनही लागेना. आजोबा ओट्यावर ब्लँकेट घेऊन बसले होते. मी आतबाहेर करत होते. ते एकदाच म्हणाले, "बस खाली. नसंन भेटला तं नसंन." त्यांच्या आवाजात इतका निवांतपणा होता की मला त्याचीच भीती वाटली.

दिवे लागल्यावर काका आला. शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेले तीन वॉल्व होते. आसेगावचा मिस्त्री म्हणाला होता, यातला कोणता तुमचा ते मले आठवत नाही, मापानं पाहा. आपल्या मिस्त्रीने घरी येऊन मापाने एक निवडला. पण तो चालतो का हे बसवण्याआधी बघायला हवं होतं, कारण तो बंद स्थितीतच अडकला असेल तर गाडी वाटेत उकळणार. मिस्त्रीने विचारलं, एखादा जुना गंज आहे का? मी ज्यात तुमच्यासाठी खीर करते ते पातेलं आणलं, दुसरं हाताशी नव्हतं. पाणी घालून गॅसवर ठेवलं आणि वॉल्व दोऱ्याने बांधून आत सोडला.

आम्ही चौघं पातेल्यात बघत उभे होतो. आजोबाही भिंतीला धरून आत आले होते. पाण्याला बुडबुडे यायला लागले तरी वॉल्व तसाच मिटलेला. काका म्हणाला, "मेला हा." मिस्त्रीने त्याला गप्प केलं. वाफ वर यायला लागली. मग पितळेचं झाकण कडेने किंचित हललं, आणि हळूहळू, कुणी आतून ढकलावं तसं, वर उचललं गेलं. मिस्त्रीने तो बाहेर काढला, गार पाण्यात टाकला, तो मिटला. पुन्हा गरम पाण्यात टाकला, उघडला.

"जिता हाय," मिस्त्री म्हणाला. आजोबांनी तो हातात घेऊन बघितला आणि विचारलं, "उन्हाळ्यात गाडी गरम झाली तं?"

"मंग मी नाही काढणार," मिस्त्री म्हणाला. "मॅडम मले मारतीन."

त्याने अंगणातच टॉर्चच्या उजेडात तो बसवला, नवीन पाणी भरलं आणि कोड पुसला.

जायच्या दिवशी सकाळी धुकं होतं. मी मोबाइल डॅशबोर्डवर उभा करून ठेवला, आकडा आजोबांच्या समोर येईल असा. ते मोठ्याने वाचत होते. गावाबाहेर पडताना चाळीस. मग पन्नास. पन्नासवर तो जरा थांबला. मग साठ, सत्तर. पेट्रोलचा वास नव्हता. चढ सुरू झाला, मी पाय दाबला आणि गाडी गुरगुरली नाही, सरळ वर गेली. मी आरशात मागे बघितलं, फक्त धुकं होतं.

वर पोचल्यावर बाजूला हालचाल झाली. आजोबांनी हातमोजा काढला होता आणि तळहात हीटरच्या तोंडासमोर धरला होता. मग दुसराही हातमोजा काढला. मग कानटोपी.

"लागते," ते म्हणाले.

मी विचारलं, काय?

"गरम लागते. मले लागते." आणि थोड्या वेळाने, "म्या समजून बसलो होतो का मीच गेलो."

आम्ही वेळेआधी पोचलो. बाकावरची मुलगी आणि तिची आई तिथेच होत्या. सिस्टरने आजोबांना आत घेतलं. त्या मुलीच्या आईला पुढच्या महिन्यात दुपारची वेळ मिळाली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ते मला कळेपर्यंत मला त्या सकाळचा पूर्ण आनंद घेता आला नव्हता. अकोल्याचं नाव त्यानंतर आमच्या घरात निघालं नाही.

आजोबा त्यानंतर आणखी दोन हिवाळे राहिले आणि त्या चढावरून आम्ही किती वेळा गेलो ते मी मोजलं नाही. हीटरचं एक तोंड मी तेव्हापासून माझ्याकडे वळवून ठेवते. दर उन्हाळ्यात कुणीतरी मला सांगतं, मॅडम, वॉल्व काढून टाका. मी नाही म्हणते.

खिरीचं पातेलं तेच आहे, याल तेव्हा त्यातच खाल. गाडी अंगणात आहे. वॉल्व तिच्यात आहे. सकाळी चालवली की वाशिमच्या चढाआधी हवा गरम येते.